फाउंडेशन बोल्ट कुणाच्या यादीत? कारखाना हलवताना कामाची फोड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीतलं १४ मशिन्सचं शॉप सात महिन्यांत चाकणच्या नव्या शेडमध्ये न्यायचंय, तेही उत्पादन बंद न ठेवता. एक्सेलमध्ये २८६ ओळींची यादी आहे. दर सोमवारी मीटिंग होते आणि दर सोमवारी यादी दहा-बारा ओळींनी वाढते. सल्लागार म्हणाले, डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे कामाची झाडासारखी फोड) करा. नमुने मिळाले ते सगळे सॉफ्टवेअरचे नाहीतर पुलांचे. तर आपल्यासारख्या कारखान्यानं ते करायचं कसं, आणि त्यानं खरंच काही फरक पडतो का?

पडतो. मात्र आहे त्याच यादीला १.१, १.२ असे आकडे चिकटवून, चार ओळी आत सरकवून तिला डब्ल्यूबीएस म्हणणार असाल तर काडीचाही फरक पडणार नाही. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, म्हणून खात्रीनं सांगतो.

तुम्ही यादीतल्या काही ओळी दिल्या आहेत: ‘क्रेनवाल्याशी बोलणे’, ‘एमपीसीबी फॉलोअप’ (एमपीसीबी म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ), ‘केबल साइज फायनल करणे’, ‘फाउंडेशन ड्रॉइंग मागवणे’. या वाचून चाकणला शेवटी काय काय उभं राहणार आहे ते मला कळत नाही. ही धावपळीची यादी झाली. धावपळ जितकी आठवाल तितकी आठवते, म्हणून यादी वाढत राहते. डब्ल्यूबीएसमध्ये त्या धावपळीनंतर हातात काय पडणार ते लिहायचं. ‘एमपीसीबी फॉलोअप’च्या जागी ‘चाकणच्या जागेची एमपीसीबीची संमती’. ‘केबल साइज फायनल’च्या जागी ‘मेन पॅनेलपासून मशीनपर्यंत तपासून चालू केलेलं केबलिंग’. व्याकरणाचा तास आठवा: क्रियापदं खोडा, नामं ठेवा.

हा आग्रह कुठून आला ते सांगतो, कारण त्यातच पुढची निम्मी उत्तरं आहेत. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी नौदल पाणबुडीतून डागायचं पोलारिस क्षेपणास्त्र बनवत होतं. त्या कामातून वेळापत्रकाची पर्ट ही पद्धत आली. वेळ हाताशी आली तरी खर्च सुटाच होता. म्हणून १९६२ मध्ये तिथलं संरक्षण खातं आणि नासा यांनी मिळून पर्टला खर्चाची जोड देणारी मार्गदर्शिका काढली आणि तिच्यात कामाची ही झाडासारखी फोड मांडली. १९६८ मध्ये त्याचं लष्करी मानक झालं, मिल-स्टँडर्ड-८८१. सुधारणा होत होत ते आजही वापरात आहे. त्यात क्षेपणास्त्राची फोड सांगाडा, प्रणोदन, मार्गदर्शन अशी वस्तूची केलेली असते आणि तिच्या शेजारी चाचण्या, प्रशिक्षण, प्रकल्पाचं व्यवस्थापन असे कप्पे येतात. ‘परचेसचं काम’, ‘डिझाइनचं काम’ अशी फोड त्यात नाही.

आपल्याकडे मात्र पेन हातात घेतलं की पहिली फोड डिपार्टमेंटची होते. मेंटेनन्स, क्वालिटी, प्रॉडक्शन, परचेस, एचआर. माणसं डोळ्यांसमोर असतात, ती पटकन सुचतात. त्याचा फटका मी खाल्लाय. बरीच वर्षं झाली. तेव्हा मी ज्या कंपनीत होतो तिथली एक लाइन शहराबाहेरच्या प्लँटला न्यायची होती. फोड मीच केली होती, डिपार्टमेंटवार, रंगीबेरंगी. मशिन्स ठरल्या दिवशी पोचली, लेव्हल झाली, पहिला पार्ट मापात आला, पेढेही वाटून झाले. आणि माल गोडाउनमध्ये पडून राहिला. वाहन उद्योगात पार्ट बनवण्याची जागा बदलली की ग्राहकाला आधी कळवावं लागतं आणि नव्या जागेवर बनलेल्या नमुन्यांसह पीपीएपी (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) पुन्हा मंजूर करून घ्यावं लागतं. क्वालिटीला वाटलं, मार्केटिंगनं कळवलंय. मार्केटिंगला वाटलं, कागद क्वालिटीचे, तेच पाठवतील. दोन घरचा पाहुणा उपाशी. अकरा दिवस आम्ही जुन्या प्लँटचा उरलासुरला साठा खरवडून ग्राहकाची लाइन कशीबशी चालू ठेवली. माझ्या तक्त्यात क्वालिटीचं पान भरलेलं होतं, मार्केटिंगचंही भरलेलं होतं. मधली फट कुणाच्याच पानावर नव्हती. ती साहेबांनी भर मीटिंगमध्ये दाखवली, माझं नाव घेऊन.

तर तुमच्या झाडाचा शेंडा ‘चाकणला मंजुरीसह चालू असलेलं शॉप आणि भोसरीची सोपवलेली जागा’ असा धरा. त्याखाली मी हे आठ कप्पे काढले असते:

१.१ चाकणची शेड, मशिन्स ठेवण्याजोगी
१.२ वीज, हवा, पाणी, कूलंट (कापताना मशीनमध्ये सोडायचं थंडाव्याचं द्रव)
१.३ बसवून स्वीकारलेली १४ मशिन्स
१.४ परवाने आणि नोंदण्या
१.५ ग्राहकांच्या मंजुऱ्या आणि हलवण्याच्या काळापुरता साठा
१.६ नव्या जागेवर रुळलेली माणसं
१.७ रिकामी करून सोपवलेली भोसरीची जागा
१.८ प्रकल्पाची देखरेख

यात सगळ्यात जास्त वाद १.७ वर होईल. ‘ते नंतरचं नंतर बघू’ असं कुणीतरी म्हणेलच. पण या पद्धतीत एक नियम मी कधीच ढिला सोडत नाही, शंभर टक्क्यांचा. एखाद्या कप्प्याखालचे सगळे कप्पे मिळून वरचा कप्पा पूर्ण भरला पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. खालचे सगळे झाले आणि तरी वरचं झालं असं म्हणता येत नसेल, तर काहीतरी राहिलंय. भोसरीची शेड भाड्याची असेल तर तिथला डिपॉझिट परत मिळेपर्यंत तुमचा प्रकल्प संपलेला नाही. मशिन्सच्या जुन्या फाउंडेशनचे (काँक्रीटच्या पायाचे) खड्डे बुजवणं, कूलंटच्या टाक्या साफ करणं, वापरलेलं तेल अधिकृत रिसायकलरला देऊन त्याचे कागद ठेवणं, वीजजोडणी बंद करणं, हे सगळं पैशाचं आणि दिवसांचं काम आहे. शिवाय शेवटच्या महिन्यात तुमची सगळी माणसं चाकणला असतील. भोसरीत झाडू मारायलाही कुणी उरणार नाही.

१.५ बद्दल तर वर रडून झालंच आहे. फक्त एक भर घालतो. साठा हा स्वतंत्र कप्पा ठेवा, प्रॉडक्शनच्या रोजच्या कामात मिसळू नका. कोणत्या पार्टचा किती दिवसांचा माल, कुठे ठेवणार, कोणत्या तारखेला पुरा. भोसरीतलं मशीन उचलण्याआधी तो तयार हवा. म्हणजे जादा शिफ्ट आत्तापासून लावावी लागते, आणि जादा शिफ्टचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजात धरलेला आहे का, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. बहुतेक वेळा नसतो.

१.४ मध्ये एमपीसीबी, फायर एनओसी, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडचा कारखान्याचा परवाना, जीएसटीत नव्या जागेची नोंद. तुमच्याकडे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) असेल तर ते प्रमाणपत्र जागेला बांधलेलं असतं, तेही इथेच. महावितरणची जोडणी आणि विद्युत निरीक्षकांची मंजुरी मात्र मी १.२ मध्ये घालतो. तो कागद आणि ट्रान्सफॉर्मर एकमेकांवाचून चालत नाहीत, मग दोघांचा धनी एकच असलेला बरा. कुणी म्हणेल, परवाना तो परवाना, १.४ मध्येच हवा. घाला. कुठे घातलाय यापेक्षा तो दोन ठिकाणी नाही आणि एका ठिकाणी नक्की आहे, एवढं पाहा.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. लॅपटॉप बंद ठेवा. अप्पा बळवंत चौकातून चिकट चिठ्ठ्यांचे चार रंगांचे गठ्ठे आणि मोठे चार्ट पेपर आणा. गुरुवारी भोसरीला सुट्टी असते, एक गुरुवार मागून घ्या. साहेब लोकांबरोबर स्टोअरकीपर हवा, मेंटेनन्समधला सगळ्यात जुना माणूस हवा, आणि मशीन हलवणारा ठेकेदार ठरला असेल तर तोही. आठ कप्पे भिंतीवर लावा आणि प्रत्येकाखाली ‘हे पुरं व्हायला काय काय हातात यायला हवं’ एवढंच विचारत चिठ्ठ्या चिकटवत जा. तारखांचा विषय निघाला की थांबवा. ‘आधी काय, नंतर काय’ निघालं तरी थांबवा. झाडाला बाण नसतात आणि तारखाही नसतात. हे सांभाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण शॉप फ्लोअरच्या माणसाला क्रम लगेच दिसतो आणि तो बोलल्याशिवाय राहत नाही.

अशाच एका भिंतीसमोरचा प्रसंग सांगतो. मशीन एचएमसी (हॉरिझॉन्टल मशिनिंग सेंटर), म्हणजे त्याला स्वतंत्र फाउंडेशन लागणार. त्याच्या खाली चिठ्ठ्या लागल्या: ड्रॉइंगप्रमाणे काँक्रीट ब्लॉक, मशीन जागेवर, लेव्हलिंग, ट्रायल. सगळे खूश. कोपऱ्यात बसलेले स्टोअरचे काका म्हणाले, “बोल्ट कुणी आणायचे?”

सिव्हिलचा ठेकेदार म्हणाला, “बोल्ट मशीनबरोबर येतात.”

मेंटेनन्सचा म्हणाला, “नव्या मशीनबरोबर येतात. हे जुनं आहे. ह्याचे बोल्ट भोसरीच्या जमिनीत ग्राउट केलेत, ते कापून यावं लागणार.”

मशीन हलवणारा म्हणाला, “आम्ही उचलतो आणि ठेवतो. बोल्ट आमच्या कोटेशनमध्ये नाहीत.”

तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. बोल्ट मात्र कुणाकडेच नव्हते. त्यांच्याशिवाय ग्राउटिंग (बोल्टभोवतीची पोकळी पक्की भरणं) नाही, ग्राउटिंगशिवाय अंतिम लेव्हल नाही, आणि बोल्टचा व्यास कळल्याशिवाय काँक्रीटमध्ये बोल्टसाठी ठेवायच्या खड्ड्याचं, म्हणजे पॉकेटचं, मापही नाही. ज्या यादीत ‘फाउंडेशन करून घेणे’ अशी एकच ओळ असते, तिच्यात हे तीन कोटेशनांच्या मधून खाली पडतं. चिठ्ठीवर वस्तूचं नाव लिहिलं की तिचे भाग कुठून येणार, हा प्रश्न कुणीतरी विचारतोच.

किती खोल जायचं, हे सगळे विचारतात. पुस्तकात ८ ते ८० तासांचा नियम असतो: सगळ्यात खालचा कप्पा आठ तासांहून लहान नको आणि ऐंशी तासांहून मोठा नको. हा नियम मुळात माणूस-तासांवर चालणाऱ्या कामांचा. हिंजवडीच्या डिझाइन ऑफिसात तो चालेल. काँक्रीटला २८ दिवसांची ताकद यायला २८ दिवसच लागतात, तिथे माणूस एकही तास काम करत नसतो. मी वेगळी कसोटी लावतो. त्या कप्प्याचा धनी एकच माणूस आहे का? त्याच्या खर्चाचा आकडा सांगता येतो का? आणि ‘झालं का?’ याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच येतं का? तिन्हींना होकार असेल तर फोड थांबवा. तुमच्या आकाराच्या कामाला खालचे कप्पे मिळून शंभर-सव्वाशे पुरावेत. चौदाही मशिन्स सारखी फोडायची गरज नाही. एचएमसी आणि ग्राइंडर नीट उलगडा. एकाच मेकची (बनवणाऱ्या कंपनीची) चार टर्निंग सेंटर असतील तर एकदा फोडा आणि चारदा चिकटवा. सहाव्या-सातव्या महिन्यातलं काम आत्ता ढोबळ ठेवलंत तरी चालेल, जवळ आलं की फोडा.

चिठ्ठीवर मावत नाही ते कार्डावर लिहायचं. त्याला डब्ल्यूबीएसचा कोश म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी तो केलाच जात नाही, कंटाळा येतो म्हणून. सगळ्या कप्प्यांचा नका करू, पण जिथे दोन पार्ट्या भिडतात तिथे कराच. एचएमसीचं कार्ड मी असं लिहीन:

‘१.३.१.२ एचएमसीचं फाउंडेशन. धनी: मेंटेनन्स प्रमुख. झालं म्हणजे: मेकच्या ड्रॉइंगप्रमाणे, आजूबाजूच्या फ्लोअरपासून सुटा ठेवलेला काँक्रीट ब्लॉक, क्यूब टेस्टचा (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचा) रिपोर्ट पास, पॉकेटची मापं मोजून ड्रॉइंगशी जुळलेली, नवे फाउंडेशन बोल्ट आणि लेव्हलिंग पॅड मोजून स्टोअरमध्ये. यात नाही: मशीन ठेवणं, ग्राउटिंग, लेव्हलिंग (ते १.३.१.४). पैसे: सिव्हिलची ऑर्डर, बोल्टची वेगळी ऑर्डर.’

‘यात नाही’ ही ओळ गाळू नका. ठेकेदाराशी होणारी निम्मी भांडणं त्या ओळीवर मिटतात. तसंच १.३.१.४ च्या कार्डावर नुसतं ‘लेव्हलिंग पूर्ण’ लिहू नका. मीटरला ०.०२ मिलिमीटरच्या स्पिरिट लेव्हलवर तपासलेलं, बॉलबार टेस्ट (मशीनच्या हालचालीच्या अचूकतेची चाचणी) झालेली आणि भोसरीत उचलण्याआधी काढलेल्या रिपोर्टशी ताडून पाहिलेली, असं लिहा. लिहिता लिहिता लक्षात येईल की उचलण्याआधीचा रिपोर्ट हा आणखी एक कप्पा आहे, आणि तो काढायची वेळ मशीन भोसरीत चालू आहे तोवरच आहे.

हे सगळं झाल्यावर लॅपटॉप उघडा. आता खालच्या प्रत्येक कप्प्यासाठी कामं लिहा. इथे क्रियापदं चालतात, तुमची ‘बोलणे’, ‘मागवणे’ वगैरे मंडळी इथे येतील. मग क्रम, मग दिवस, मग गँट चार्ट. तुमच्या २८६ ओळी फुकट जाणार नाहीत, प्रत्येक ओळ उचलून कुठल्या कप्प्याची ते बघा. पंधरा-वीस ओळी कुठेच बसणार नाहीत. त्या एकतर नको असलेल्या आहेत, नाहीतर एखादा कप्पा राहिलाय. तसंच काही कप्प्यांखाली एकही ओळ येणार नाही. ते कप्पे लाल करा, ते तुमचे पुढचे बोल्ट. वेळापत्रक करताना गणपतीचे दिवस बघून ठेवा. तेव्हा जड वाहनांवर निर्बंध येतात, आणि ट्रेलरवर चढवलेलं मशीन मोशीच्या अलीकडे उभं करून ठेवणं परवडत नाही. ट्रेलरबरोबर डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल लागतं, स्वतःचंच जुनं मशीन असलं तरी.

कप्प्याचा नंबर सगळीकडे वापरा. परचेस ऑर्डरवर, बिलावर, टॅलीच्या कॉस्ट सेंटरमध्ये तोच नंबर. हे केलंत तर चौथ्या महिन्यात ‘वीज आणि हवेवर किती गेले?’ याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं. नाहीतर अकाउंट्सचा माणूस दोन दिवस बिलं चाळतो आणि तरीही उत्तर चुकतं. प्रगती मोजताना टक्के विचारू नका. आपल्याकडे प्रत्येक काम दुसऱ्याच आठवड्यात नव्वद टक्के होतं आणि पुढचे दोन महिने नव्वदवरच राहतं. कार्डावर लिहिलंय तसं झालं असेल तर शंभर, नसेल तर शून्य. सुरुवातीला लोक चिडतात.

आणि मध्येच मालक म्हणतील, “शेड नवीनच आहे, छतावर सोलरही टाकून घेऊ.” चांगली कल्पना आहे. त्यांना भिंतीपाशी न्या आणि विचारा, चिठ्ठी कुठे लावू? १.२ खाली लावली तर तिचा धनी कोण, पैसे कुठले, आणि शेडच्या ट्रसला (छताच्या सांगाड्याला) हे वजन पेलेल का ते पुन्हा तपासायला १.१ मध्ये आणखी एक चिठ्ठी लागेल. कधी ते म्हणतात, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. कधी म्हणतात, लावा. दोन्ही चालतं, फक्त चिठ्ठी न लावता ते काम सुरू होता कामा नये.

तुम्ही तयार फाइल मागितली आहे. ती देत नाही, आणि यात आखडूपणा नाही. दुसऱ्याची फाइल भरताना माणूस रकाने भरतो, विचार करत नाही, आणि तुमच्या स्टोअरच्या काकांचा प्रश्न माझ्या फाइलमध्ये नसणार. दोन गुरुवार लागतील. पहिल्यात आठही कप्पे दोन-तीन पायऱ्या खाली उतरतील, दुसऱ्यात कार्डं आणि धन्यांची नावं. पहिल्या गुरुवारी टेबलावर एचएमसीचं मेककडचं फाउंडेशन ड्रॉइंग हवं. यादीत ‘मागवणे’ असं लिहिलंय, म्हणजे ते अजून आलेलं नाही. मेल करून वाट बघत बसू नका, सर्व्हिस इंजिनिअरला मशीनचा सीरियल नंबर घेऊन आजच फोन करा, आणि त्याच फोनवर बोल्टचा व्यास आणि लांबीही विचारून घ्या.